डावीकडे कापूस

शिवणकामात मावशीचे केस पिकले, पण गिऱ्हाइकांची नावं काही डोक्यात राहिली नाहीत. मापं तेवढी राहायची. म्हणून फोनमध्येही नंबर तसेच: ‘एक खांदा उतरता’, ‘पोटाला सैल’. आणि शाळेतल्या बाईंचा, ‘डावीकडे कापूस’. ऑपरेशनमध्ये बाईंच्या छातीची एक बाजू गेली होती. घराबाहेर हे डॉक्टर आणि मावशी सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. आतल्या कपड्यात मावशी असा बेमालूम कापूस भरायची की बघणाऱ्याला शंका येऊ नये.

नको त्या फोनांनी मावशीचा जीव नकोसा केला, तेव्हा फोन करणाऱ्याचं नाव दाखवणारं एक अ‍ॅप तिने घेतलं. त्याला तिचे सगळे नंबर हवे होते. पडद्यावर भलंमोठं हिरवं ‘हो’, खाली फिकट अक्षरांत ‘नंतर विचारा’. ‘नाही’ कुठेच नव्हतं. ती ‘नंतर’ म्हणायची, ते पुन्हा दारात उभं. शेवटी अर्धी बाही मशीनवर असताना ती वैतागली. “घे बाबा, एकदाचं घे,” म्हणत हिरव्यावर बोट ठेवून मोकळी झाली.

काही दिवसांनी बाई आल्या. बसल्या नाहीत.

“मावशी, मी फोन केला की समोरच्याला माझं काय नाव दिसतं, माहीत आहे?”

मावशीचा पाय मशीनवरच थांबला.

“खडू आणा म्हणून शिपाईदादांना फोन लावला. ते दारातच उभे. त्यांच्या फोनातही ते नाव दाखवणारं अ‍ॅप. पडद्यावरचं मोठ्यानं वाचलं. म्हणे, बाई, गाद्या भरायचा धंदा काढलात की काय?”

“मग?”

“सगळे शिक्षक हसले. मीपण हसले. दोघी हसल्या नाहीत. त्यांनी इथं बघितलं.”

“देवाशपथ, मी कुणाला बोलले नाही हो.”

“तुम्हाला बोलायला लागलंच कुठे.”

मावशीने नाव बदललं, अ‍ॅप पुसलं. पण गेलेलं नाव त्याने परत येईना. ज्याचा नंबर त्यानेच अर्ज करायचा, आणि अर्जाआधी अ‍ॅप घ्यायचं. बाईंनी घेतलं. तेच हिरवं ‘हो’. त्याशिवाय पान पुढे सरकेना.

“यात माझ्या वर्गातल्या मुलांच्या आयांचे नंबर आहेत,” बाई म्हणाल्या. “कुणाचा नवरा मारतो, कुणाचा सोडून गेलाय, नावापुढे सगळं लिहून ठेवलंय मी.”

त्यांनी ते पान बंद केलं. मग फोन पर्समध्ये टाकला.

“राहू दे. शिवायला दिलेल्या त्या नवीन कपड्यातला कापूस काढून टाका. आता कुणापासून लपवायचं?”

मावशीने कात्री घेतली. टाके इतके बारीक घातले होते की तिचे तिलाच दिसेनात.