चुंबक उलटा लावल्यावर

सोलापूरहून तुळजापूरला जाणाऱ्या एस.टी.त एक तरुणी आणि तिचे अब्बा माझ्या शेजारी बसले होते. नाव मी विचारलं नाही. ती बंगळुरूला संशोधन करत होती. अतिसंवाहक, म्हणजे गार केल्यावर विजेला अडथळाच न करणाऱ्या, धातूची केसाहून बारीक पट्टी प्रचंड थंड करून चुंबकाजवळ ठेवायची. मग वीज एका दिशेनं बिनअडथळा जाते, उलट दिशेनं अडते. समोरच्या सीटच्या दांडीवर बोटानं आकृती काढत तिनं मला हे समजावलं.

"दोन वर्षं घातली. लेख पाठवायच्या आदल्या दिवशी चुंबक उलटा लावून बघितला. मग विजेची दिशाबी उलटायला पाहिजे. न्हाय उलटली. म्हंजे ते चुंबकामुळं न्हवतंच, दोष माझ्या मोजणीतच. सरांना सांगून लेख थांबवला."

अब्बा कळवळले. "आगं, तुला कुणी विचारलं व्हतं का? गावभर पेढे वाटून बसलो की मी!"

"पचले असतील आता," ती हसली. "उलटं करून बघितल्याबिगर कशाला खरं म्हणू न्हाय, अब्बा."

मी आजवर कितीतरी पत्रकं लिहिली, चौकाचौकांत वाटली. त्यातलं एकही वाक्य असं उलटं करून पाहिलं नव्हतं.

तामलवाडीला दोघं उतरली. थांब्यावरच्या एका म्हाताऱ्यानं हाक मारली, "काय, लावला का पोरीनं शोध?"

अब्बा क्षणभर घुटमळले. मग तिची बॅग स्वतःच्या खांद्यावर घेत मोठ्यानं म्हणाले, "न्हाय लागला. पण चूक हिनंच पकडली. लई बारीक व्हती, तिच्या सरांनाबी दिसली नव्हती."