लाल्या आणि बिनमिरचीचं घर

आता काय सांगू तुम्हाला! आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल.

नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर एक कुत्रा लंगडत होता. टेम्पोचा धक्का लागलेला, पाठीवर तिखटाची लाल धूळ. मला कळवळा आला. उचलला आणि थेट शहाद्याला घरी आणला. नाव ठेवलं लाल्या.

आई दारातच म्हणाली, "रविवारलगून रुळना तं ठीक, नही तं जठेन लई उना तठेच सोडी ये!" म्हणजे रविवारपर्यंत रुळला तर राहील, नाहीतर परत नंदुरबारला.

आणि लाल्या? बसेचना! ओटा, मोरी, देवघर, पुन्हा ओटा. गादी दिली, तिला वळसा. दूध दिलं, हुंगलं आणि निघाला. त्याच्यामागे मी, माझ्यामागे आई ओरडत.

मग माझं डोकं चाललं. तिथेच घात झाला! म्हटलं, बिचाऱ्याचा जन्म मिरचीच्या खकाण्यात गेला, त्या वासाचीच धास्ती असणार. झालं! वर्षाची मिरची पोत्यासकट शेजारच्या सुपडूअप्पांकडे नेऊन टाकली. फोडणी बंद, ठेचा बंद. खानदेशातल्या घरात बिनतिखटाची शेवभाजी, कल्पना करा!

आईने ताट सरकवलं. "हाई काय दवाखानानं जेवन शे का?"

लाल्याचं फिरणं मात्र वाढलंच. आता तर कण्हतही होता.

रविवार उजाडला. जीव जडला होता हो त्याच्यावर!

"त्याले नजर लागेल शे," आई म्हणाली. अप्पा मूठभर मिरच्या घेऊन आले. आईने त्या लाल्यावरून उतरवल्या आणि शेगडीच्या निखाऱ्यांवर धरल्या.

"आई, नको! पळून जाईल तो!"

पळालो मीच. मागोमाग आई, अप्पा. सगळे अंगणात, खोकत, शिंकत, नाक पुसत.

खिडकीतून बघतो तर काय? लाल्या शेगडीपाशी पाय ताणून पसरलेला. डोळे मिटलेले, शेपटी हलतेय! त्याला हवं होतं तेच मी घराबाहेर काढलं होतं.

पोतं परत आलं, आणि लाल्यासाठी माझ्याच खोलीत ठेवावं लागलं. तो त्याला टेकून मजेत घोरतो. मी ओट्यावर खाट टाकून शिंकत असतो.

परवा अप्पांनी विचारलं, "काय वहिनी, रुळना का?"

आईने माझ्याकडे पाहिलं.

"कुत्रा रुळना. याले आजून येळ लागी!"