श्वास ऐकू येणारा वायरलेस

आडगावांत फिरणाऱ्या जीपसाठी दोन वायरलेस संच दाखवायला मी तळेगावच्या दवाखान्यात गेलो होतो. खणखणीत आवाजाच्या संचाची तारीफ माझी चालूच होती. तिथल्या वयस्क नर्सबाईंनी दोन्हींचे जोडसंच जीपमध्ये बसवून टेकडीपलीकडे गेलेल्या ड्रायव्हरला वायरलेसवरून सांगितलं, "भाऊ, कालच्या बाळंतिनीचं लेकरू घरचे बाहेर काढू देनार नाईत. जीप दाराशी लाव अन् माईकच आत नेजो."

लेकरू झोपलंय, असं ड्रायव्हरनं कळवलं. बाईंनी डोळे मिटून कान आळीपाळीनं दोन्ही संचांच्या स्पीकरच्या जाळीला टेकवला. खणखणीत संचातून नुसती खरखर आली. दुसऱ्यातून मात्र बारीक श्वास आला.

"हाच द्या."

"पण याचा आवाज कमी आहे, बाई."

"रडनाऱ्या लेकराची मले काळजी नाई, भाऊ."