सासूबाईंची मूठ

समुद्रपूरच्या शाळेत मी मास्तरीण होते तेव्हा आमच्या चुलीजवळ एक पत्र्याचा डबा असायचा. त्याला आम्ही देवाचा डबा म्हणत असू. भात शिजायचा असला तर तांदळाची, वरण असलं तर तुरीच्या डाळीची, दळण काढायचं असलं तर ज्वारीची एक मूठ आधी त्या डब्यात पडायची, मग उरलेलं घरच्यांसाठी. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो डबा मी मोटारीनं हिंगणघाटला चर्चच्या उपासनेला नेत असे. तिथल्या बाया धान्य वेगवेगळं करून मंडळीतल्या निराधार विधवांना वाटत. आमच्या ओळखीच्या बहुतेक ख्रिस्ती घरांत ही रीत होती.

आमच्या घरात ही मूठ सासूबाईंची. वर्षापूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. उभ्या जन्मात जिनं कुणाकडे तांब्याभर पाणी मागितलं नाही, तिला आता घोट घोट पाणी मी पाजायची. डावा हात तेवढा शाबूत होता. म्हणून मी धान्याचं सूप खाटेपाशी न्यायची, त्या डाव्या हातानं मूठ भरायच्या आणि डब्यात टाकायच्या. घरातलं एवढं एकच काम त्यांच्याकडे राहिलं होतं.

पण ती मूठ काही लवकर निघायची नाही. हात धान्यात, डोळे मिटलेले, ओठांची पुटपुट चाललेली. मी सूप धरून उभी. तिकडे आधण उतू जातंय, धाकटी लुगड्याला लोंबकळतेय, थोरलीची वेणी राहिलीय, आणि शाळेची घंटा काही माझ्यासाठी थांबणार नव्हती. मनात म्हणायची, देवाशी एवढं काय बोलायचं असतं हिला? एकदा तर "झालं का, आई?" असं तीनदा विचारलं. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

मीही प्रार्थना करायची, नाही असं नाही. नवरा रेल्वेत, पुलगावला. पंधरवड्यातून एक दिवस घरी. त्याची इकडे बदली होऊ दे, मला शक्ती दे, एवढं मागत मागत मी शाळेत पोचायची. घरी गुडघे टेकावेत तर गुडघ्यांवरच झोप लागायची. एकदा थोरलीनं हलवून जागं केलं, "आई, आमेन म्हण ना." विश्वास होता माझा. त्याच्याच जोरावर रोज उठत होते. पण दमले होते, फार दमले होते.

अशात पुढच्या सोमवारी तपासणीचे साहेब येणार असं कळलं. दोन वर्ग माझ्या एकटीकडे. वह्या बघायच्या, तक्ते करायचे, मुलींकडून कविता घोटून घ्यायच्या. त्या धांदलीत पहिल्या दिवशी सूप खाटेपाशी न्यायचं राहून गेलं. शाळेतून आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "मूठ?" मी म्हटलं, "तुमचा डोळा लागला होता, मी टाकली." टाकली नव्हती. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्याही. मग त्यांनी विचारणं सोडलं, आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं.

शनिवारी सकाळची शाळा करून घरी आले. दुसऱ्या दिवशी हिंगणघाटला जायचं होतं. डबा उघडला तर चार बोटं रिकामा. कोठीतून ज्वारी काढली आणि एका दमात शिगोशीग भरून टाकला. नेहमीप्रमाणे सासूबाईंनी डबा मांडीशी मागितला, वरून फडकं बांधायच्या आधी त्यावर हात फिरवायचा त्यांचा रिवाज होता. त्यांनी बोटं आत खुपसली, आणखी खोल नेली.

"इथवर नुसती जवारीच हाय," त्या म्हणाल्या. "माही मूठ खाली राह्यली."

चोरी पकडली गेली की माणूस जास्तच भडकतं. मीही भडकले. "मग काय करू, आई? मला दोनच हात आहेत. धान्य ते धान्य. विधवांच्या पोटात गेल्याशी कारण."

त्या रागावल्या नाहीत. जड जिभेनं, थांबत थांबत बोलल्या. "धान्याचं नाई म्हणत मी. वारं गेलं तवापासून मले प्रार्थना आठवत नाई, पोरी. पडल्या पडल्या लय करून पाह्यली. शब्दच येत नाई. हातात दाणे आले का मंग येते. आठ दिवस झाले, तुह्यासाठी मी देवाले काहीच नाई बोलली."

"माझ्यासाठी?"

"मंग कोनासाठी? या घरात तूच तं राबून राह्यली."

मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा धास्ती जास्त वाटली. आठवडाभर माझ्या पाठीशी कुणीच नव्हतं आणि मी सुटल्यासारखी वावरत होते. डब्याचं काय करू म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "ने. जवारीनं काय पाप केलं?" रविवारी तो तसाच हिंगणघाटला नेला.

सोमवारी सकाळी तांदळाचं सूप घेऊन खाटेपाशी गेले. उशीर होणार हे दिसत होतं. या वेळी "झालं का" म्हटलं नाही. खाली वाकले आणि कान त्यांच्या ओठांपाशी नेला.

"बापा," त्या पुटपुटत होत्या, "हिले आज घडीभर बसाले भेटू दे."

शाळेत पोचले तेव्हा घंटा होऊन गेली होती. हेडबाईंनी सगळ्यांसमोर सुनावलं. साहेब आले ते पाच वाजेपर्यंत हलले नाहीत, आणि त्यांच्यासमोर मास्तरणींनी बसायची पद्धत नव्हती. पोटऱ्या भरून आल्या. दिवसभर मी उभीच होते. फळ्याकडे तोंड करून दोनदा डोळे पुसले. इतकी वर्षं मी देवाकडे बदली मागत होते, शक्ती मागत होते. मला जरा बसायला मिळावं, हे मागायचं माझं मलाच कधी सुचलं नव्हतं.