राखेवर पहारा

कुणाच्या दारातून राखेची टोपली बाहेर जाताना दिसली, की ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीतले ते प्रकरण अजून जसेच्या तसे माझ्या डोळ्यांपुढे उभे राहते. नावे कुणाची लिहीत नाही. त्यातली काही माणसे गेली, काहींची नातवंडे इथेच नांदताहेत.

संस्थानी राज्यात मी लष्कर भागातल्या एका पोलीस ठाण्यावर नोकरीला होते. आणलेल्या बायकांची झडती घ्यायची, त्यांचे बयान चालू असताना जवळ बसायचे, त्या हवालातीत असल्या तर पहारा द्यायचा, एवढे माझे काम. शिक्षण मराठी चौथीपर्यंत. चार पुरुषांसमोर तोंड उघडायचे म्हणजे मला घाम फुटे. आमचे ठाणेदारसाहेब हे जाणून होते. प्रत्येक बयानानंतर ते मला व्हरांड्यात बोलावून हळूच विचारत, "बाई, तुम्हांला काय दिसलं?"

पौषातले दिवस होते. ग्वाल्हेरच्या थंडीत घरोघरी शेगड्या पेटलेल्या असत आणि आगीची वर्दी आठवड्याला एखादी तरी येई. त्या दिवशी सकाळी छावनीतल्या एका घरात बाळंतिणीची खोली जळाली. गल्लीतल्या लोकांनी घागरी ओतून आग विझवली म्हणून बाकीचे घर वाचले. बाळंतीण त्या वेळी अंगणातल्या न्हाणीत होती. बाळाला थोरल्या सुनेने बाहेर काढले होते. जीव कुणाचा गेला नाही, म्हणून रोजनामच्यात दोन ओळी लिहून प्रकरण मिटणार होते.

पण दुपारी शेजारची एक बाई ठाण्यावर आली. तिचे म्हणणे असे, की ही आग लागली नाही, लावली. थोरलीच्या लग्नाला इतकी वर्षे झाली, तिची कूस उजवली नाही. धाकटीला पहिल्याच खेपेला मुलगा झाला. सोयर फिटेपर्यंत त्या खोलीत सासू आणि सुईण सोडून कुणी पाय ठेवायचा नाही, असे घरात बजावलेले. मग आग लागली तेव्हा थोरली आत काय करत होती? आधी पेटवले, मग भ्याली आणि बाळ घेऊन बाहेर पळाली.

साहेबांनी थोरलीला आणवले. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले, वर तेलाच्या पट्ट्या. मागून सासू आली. ही घराणी दक्षिणेतून शिंद्यांच्या फौजेबरोबर आलेली, बायकाही ताठ कण्याच्या. सासू साहेबांसमोर उभी राहून म्हणाली, "माझ्या घरात आग आपोआप लागत नाही. शेगडी मी स्वतः बघते. हिलाच विचारा."

साहेबांनी विचारले, तू आत का गेली होतीस? ती गप्प. पुन्हा विचारले, दरडावून विचारले, समजावून विचारले. ती जमिनीकडे बघत राहिली. तिचा नवरा ठाण्याच्या पायरीपर्यंत आला आणि तिथूनच परत गेला. तिचे माहेर साताऱ्याकडचे, आईबाप गेलेले. गुन्हा शाबीत झाला तर तुरुंग होता, आणि गुन्हा शाबीत झाला नाही तरी नुसत्या संशयावर त्या घराचे दार तिला बंद होते. हे ठाण्यात सगळ्यांना कळत होते. तिलाही कळत होते.

मी आत नेऊन तिची झडती घेतली. रॉकेलचा वास येतो का ते बघायला साहेबांनी सांगितले होते. तो नव्हता. पण चोळीच्या डाव्या खांद्यावर मला डाग दिसले. दूध ओकल्याचे डाग. त्यातला एक ओलसर होता, बाकीचे वाळून पिवळे झालेले, धुऊनही न गेलेले. एका दिवसाचे ते नव्हते.

साहेबांनी व्हरांड्यात विचारले तेव्हा मी एवढेच सांगितले, की हिच्या खांद्यावर बाळ रोज असते. त्यांनी मिशीला पीळ दिला. मग म्हणाले, बाळंतिणीच्या खोलीत आम्हांला जाता येत नाही, तुम्ही जा.

धाकटीला आता माजघरात ठेवले होते. बाजेखाली नवी शेगडी, ओव्याची धुरी, कोंदटलेली ऊब. मी विचारायच्या आधीच ती रडू लागली. सासूबाई सुईणीला घेऊन आपल्याला न्हायला नेत, तेव्हा आपणच जाऊबाईंना खूण करत होतो, असे तिने सांगितले. बाळ एकटे पडू नये म्हणून पहिल्या दिवशी बोलावले, मग रोजच.

"तो त्यांच्याच खांद्यावर झोपतो, बाई. माझ्याजवळ नुसता रडतो. त्या बोलणार नाहीत. बोलल्या तर मला बोल लागेल ना."

ठाण्यावर येऊन मी थोरलीला हे सांगितले, तेव्हा ती पहिल्यांदा वर बघून म्हणाली, "तिला कशाला विचारलंत? ओली बाळंतीण आहे ती." मग तिने सगळे सांगितले. ती बाळाला घेऊन दारापाशी उभी होती. कोपऱ्यात कुडाची भिंत पेटलेली दिसली. आधी बाळाला अंगणात ठेवले, मग आत जाऊन त्या कोपऱ्यातल्या पेटत्या गोधड्या हातांनी ओढल्या. तिथे हात भाजले.

ती आत का होती ते कळले. आग कशी लागली ते कळले नाही. सासू म्हणत होती तेही खरेच होते, शेगडी बाजेखाली जिथल्या तिथे होती आणि बाजेचे पाय काळेसुद्धा झाले नव्हते.

पंचनाम्याला साहेब गेले तेव्हा त्यांनी मलाही नेले. ते खोलीच्या मध्यभागी उकिडवे बसले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. आग वर चढते, म्हणून सगळ्यात खाली कुठे जळले आहे ते आधी बघायचे, असे ते शिपायांना नेहमी सांगत. सगळ्यात खाली जळले होते ते पलीकडच्या कोपऱ्यात, कुडाला लागून. तिथे राखेचा ढीग होता. कुडाच्या राखेपेक्षा पांढरा, बारीक.

सासूला विचारले. ती सहज म्हणाली, "ती शेगडीची राख. टोपलीत भरून ठेवतो."

त्या घरची रीत अशी, की सोयर फिटेपर्यंत बाळंतिणीच्या शेगडीची राख उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही. राखेबरोबर बाळंतिणीची ऊब जाते म्हणतात. दहाव्या दिवशी सगळी एकदम बाहेर न्यायची. तोवर ती त्याच खोलीत, बांबूच्या टोपलीत.

साहेबांनी विचारले, राख गरम होती का? सासूला राग आला. "मी काय कालची पोर आहे? हात लावून बघितल्याशिवाय मी भरत नाही. पिठासारखी गार होती."

साहेबांनी तिच्याशी वाद घातला नाही. ठाण्याच्या आवारात पडवीखाली कुडाचा एक जुना तट्टा उभा करायला लावला. तशीच टोपली आणली. सासूला बोलावून शेगडी पेटवायला दिली, बाभळीचे कोळसे आणि गोवऱ्या तिच्याच घरच्या. शेगडी निवल्यावर तिने राखेला हात लावला, समाधान झाल्यावर स्वतः टोपली भरली आणि तट्ट्याला टेकवून ठेवली. साहेबांनी हात लावला. मीही लावला. खरेच गार होती.

मग टोपलीवर पहारा बसला. भिंडकडचा आमचा हवालदार हसून हसून बेजार. "पंद्रह साल की नौकरी में डाकू देखे, चोर देखे, साहब. राख की चौकीदारी पहली बार कर रहे हैं. भाग गई तो?" साहेब म्हणाले, "भाग गई तो तुम्हारी वर्दी जाएगी."

दुसऱ्या दिवशी सासूला पुन्हा बोलावले. थोरलीला हवालातीतून व्हरांड्यात आणून बसवले. टोपली होती तशीच होती. राख करडी, निमूट. ऊन अंगणात आले, हवालदाराने दोनदा जांभई दिली. साहेबसुद्धा चुळबुळ करू लागले होते.

आधी वास आला, इस्त्री करताना कापड करपावे तसा. मग टोपलीच्या बाहेरच्या अंगाला पैशाएवढा तपकिरी ठिपका दिसला. धूर नाही, आवाज नाही. आमच्या डोळ्यांदेखत तो ठिपका काळा झाला आणि त्याच्या कडेने बारीक लाल रेघ फिरू लागली, जणू कुणी आतून बोटाने काढत होते. वरची राख अजून तशीच गार दिसत होती. वाऱ्याची एक झुळूक आली आणि तट्ट्याला हातभर ज्योत लागली.

हवालदाराने डोक्यावरचा साफा काढून हातात घेतला होता. का, ते त्यालाही सांगता आले नसते. मी आजवर पुष्कळ आगी पाहिल्या आहेत. पण एक दिवस आणि एक रात्र राखेखाली न बोलता, न हलता जगलेला तो विस्तव पाहून माझ्या अंगावर जो काटा आला, तसा पुन्हा कधी आला नाही. सासूने नकळत हात जोडले.

"माझ्याच हातची," ती पुटपुटली.

तेवढ्यात थोरली व्हरांड्यातून उठली. आपण सुटलो हे तिच्या ध्यानातही आलेले दिसले नाही. तिने विचारले, "सासूबाई, माजघरातली राख कुठं ठेवलीत?"

सासूचा चेहरा पांढरा पडला. आग लागल्यापासून माजघरात दुसरी शेगडी होती, आणि रीत तीच होती.

घर दोन गल्ल्यांवर. साहेबांनी हुकूम द्यायच्या आत थोरली फाटकाबाहेर पडली होती. मी तिच्या मागे धावले. पोचलो तेव्हा धाकटी बाळाला घेऊन निजली होती. तिच्या उशाशी, धान्याच्या कणगीला टेकून टोपली होती. थोरलीने पट्ट्या बांधलेल्या हातांनीच ती उचलली, छातीशी धरून अंगणात नेली. मी घागर उपडी केली. त्या गार राखेतून फस्स करून वाफ उठली आणि किती तरी वेळ उठतच राहिली. टोपलीचा तळ नंतर बघितला, तर हाताच्या तळव्याएवढा काळा झाला होता.

सासू धापा टाकत आली. तिने ती वाफ बघितली. मग कुणाला न विचारता, सोयरातच, बाळाला उचलून थोरलीच्या खांद्यावर दिले. धाकटी म्हणाली, "हळू, सासूबाई, त्यांचे हात." थोरली म्हणाली, "खांद्याला काही झालेलं नाही."

साहेबांनी नंतर छावनीत दवंडी पिटवली, की राख मातीच्या किंवा लोखंडी भांड्यात ठेवा, पाणी शिंपडा, हात खोल घालून मगच गार म्हणा. लोकांना ती दवंडी किती पटली मला ठाऊक नाही. पण सासू घरोघरी जाऊन तेच सांगत असे, आणि तिचे बायका ऐकत, कारण ती आपलीच गोष्ट सांगत होती.

नोकरीत पुढे जेव्हा जेव्हा कुठे जळाले, तेव्हा कुणी ना कुणी बोट दाखवणारे आलेच. आग लागली की माणूस आधी हात शोधतो, निखारा नंतर. थोरलीने तोंड उघडले नाही म्हणून आम्ही तिला गुन्हेगार धरायला निघालो होतो, आणि ती तर दुसऱ्या कुणाची ऊब सांभाळत गप्प बसली होती. तेव्हापासून गप्प माणसावर वरवर हात फिरवून मी कधी मत दिले नाही.