आठव्या दिवशी लपवलेला दंड

नातवंडांनो,

तुमच्या आईचे पत्र परवा नैरोबीहून आले. त्यात बऱ्याच ओळी तुमच्या शाळेच्या, थोड्या तिकडच्या हवेच्या, आणि अगदी शेवटी एक ओळ अशी, की धाकट्याला देवी टोचायच्या राहिल्या आहेत. तिकडच्या आपल्या मंडळींत कुणीतरी म्हणाले की घरात व्रत चालू असताना टोचून घेऊ नये, म्हणून पुढच्या वर्षी बघू. मी तिला उपदेशाचे पत्र लिहायला बसले, दोन पाने लिहिली आणि फाडली. त्याऐवजी तुम्हाला माझ्या भावाचे सांगते. मला भाऊ होता हेच तुम्हाला ठाऊक नसेल. मी सगळे क्रमाने सांगेन. इतकी वर्षे शाळेत शिकवल्यावर दुसऱ्या रीतीने सांगता येत नाही.

एकोणिसावे शतक संपायला तेव्हा वीसेक वर्षे होती. आम्ही ठाण्यात खाडीजवळ राहत होतो. वडील सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. घरात आई, अण्णांची आई म्हणजे माझी आजी, नऊ वर्षांची मी आणि दहा महिन्यांचा माझा भाऊ.

आजीला चार मुले झाली होती. तिघांना देवीने नेले. चौथे अण्णा. त्यांनाही देवी आल्या होत्या, तेव्हा आजीने शीतलादेवीला नवस बोलला, एकवीस दिवस ओल्या वस्त्राने देवळात गेली आणि मुलगा उठला. अण्णांचा चेहरा वणांनी भरलेला होता. आजी कधी कधी त्यांच्या गालावरून हात फिरवून म्हणे, "तिने हात लावलाय, आणि परत दिलंय." हे तुम्ही नीट लक्षात घ्या. आजीला भोळी म्हणणे सोपे आहे. पण तिने डोळ्यांनी पाहिले होते ते एवढेच, की देवीपुढे वाकले आणि एक मूल वाचले.

तेव्हा लस आजच्यासारखी तयार मिळत नसे. आठ दिवसांपूर्वी टोचलेल्या मुलाच्या दंडावर फोड टरारून आले, की त्या मुलाला घेऊन देवीडॉक्टर पुढच्या घरी जाई आणि त्या फोडातले पाणी सुईने दुसऱ्या मुलाच्या दंडात घाली. त्याचे फोड आले की त्यातले तिसऱ्याला. आमच्या आळीत ज्या मुलाच्या दंडावरून लस घ्यायची होती ते कोळीवाड्यातले होते.

"कोळ्याच्या पोराच्या अंगातलं पाणी माझ्या नातवाच्या अंगात?" आजी म्हणाली. "आणि देवी आपण होऊन आली तर तिची पूजा करावी. सुई टोचून घरात ओढून आणायची म्हणजे काय?"

"आई, साहेबांनी साऱ्या कचेरीसमोर विचारलं. तुमच्याकडचं मूल टोचून झालं का, म्हणाले. मी काय सांगू?"

"सांग, माझी आई अजून जिवंत आहे म्हणून."

तरी अण्णांनी डॉक्टरला आणलेच. तो पगडी घातलेला, घाईत असलेला मनुष्य होता. त्याच्या मागून कडेवर मूल घेतलेली कोळीण आली. आजीने दारातूनच तिला अंगणात थांबायला सांगितले. ऊन कडक होते. ती बाई हसून म्हणाली, "माजे पोराचा घेतलाव तं चालतं, न् मना पडवीन उभी रवाला नाय चालत?" डॉक्टर हसला. आमच्याकडचे कुणी हसले नाही. आई भावाला घेऊन अंगणात गेली, आणि तिथेच उन्हात त्याच्या उजव्या दंडावर तीन ठिकाणी टोचले. तो फार रडला नाही.

मंडळी गेल्यावर आमच्याकडे जे नेहमी होई तेच झाले. शिवाशिव झाली होती, म्हणून अण्णांनी अंघोळ केली, आईने केली, अंगणात शेणाचा सडा पडला. आजी मला म्हणाली, "बाळाला तू घाल अंघोळ. माझ्या हातांना कंप आहे. आणि तो दंड चांगला चोळ, ऐकलंस ना?" मी ऊन पाणी घेतले, शिकेकाई घेतली आणि चोळला. सुईच्या जागी रक्ताचे बारीक ठिपके होते, तेही नाहीसे होईपर्यंत चोळला. तो ओरडत होता. अण्णा चार हातांवर सोवळे नेसत उभे होते. कचेरीत इंग्रजी कागद वाचणारा तो माणूस, पण तोही निऱ्या काढत राहिला. आजीने काही डाव केला असे मला आजही वाटत नाही. आम्ही सगळेच विटाळ धूत होतो.

आठव्या दिवशी डॉक्टर फोड पाहायला येणार होता, आणि आले असतील तर त्यातूनच पुढच्या मुलांसाठी लस घेणार होता. आदल्या दिवशी आजीने आईला आणि बाळाला कल्याणला आईच्या माहेरी पाठवून दिले. "एकदा टोचलं, झालं. आता माझ्या नातवाच्या अंगातलं काढून गावभर वाटायचं नाही. देवीचा कोप होईल." अण्णांनी एक गोष्ट आपल्या मनासारखी करून घेतली होती, ही त्यांनी आजीला दिली. डॉक्टर आला तेव्हा ते ओटीवर बसून म्हणाले, "मंडळी माहेरी गेली आहेत. फोड छान उठलेत." कचेरीतला माणूस खोटे कशाला बोलेल? डॉक्टरने वहीत लिहून घेतले. अण्णा तरी खोटे बोलत होते का? माझी समजूत अशी की त्यांनी तो दंड नंतर पाहिलाच नव्हता. पुरुष तेव्हा वडीलधाऱ्यांसमोर आपले मूल हातात घेत नसत.

आईने मात्र पाहिला असणार. ती काही बोलली नाही. ती तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि त्या घरात तिचे मत कुणी विचारत नसे.

चैत्रात कल्याणला मामाच्या मुलाची मुंज निघाली. तिकडे देवीची साथ असल्याचे आजीच्या कानावर आले होते. ती म्हणाली, "बाळाला नेऊ नका."

अण्णा म्हणाले, "त्याला कसली भीती? त्याला टोचलंय. त्यासाठीच तर टोचलं ना?"

"मी सांगते, नेऊ नका."

"आई, तुझं प्रत्येक वेळी ऐकायचं म्हटलं तर घराबाहेर पडायलाच नको." हे ते जरा चढ्या आवाजात बोलले, आणि त्या घरात तसे कुणी बोलत नसे, म्हणून आजी उठून आत गेली.

आम्ही मुंजीला गेलो. परत आल्यावर बारा दिवसांनी बाळाला ताप भरला. तिसऱ्या दिवशी कपाळावर पुरळ उठले.

तेव्हा त्याला आजार म्हणायचे नसे. दाराला कडुलिंबाच्या डहाळ्या लागल्या. फोडणी बंद झाली. आणि देवी अंगात आहे म्हणून मुलाला नावाने हाक मारायची नाही, "आई" म्हणायचे. माझी आई आपल्याच मुलाच्या उशाशी हात जोडून विचारत असे, "आई, पाणी देऊ का? आई, अंगाची आग होते का?" त्याला बोलता येत नव्हते. डोळे सुजून मिटले होते.

पाचव्या दिवशी अण्णांनी त्याची बाही वर केली. अंगभर फोड होते, पण टोचल्याचे जुने वण एकही नव्हते. त्यांनी डावा दंडही पाहिला. मग आईकडे पाहिले. आई खाली बघत राहिली. मी उंबऱ्यापाशी उभी होते. मला सगळे कळले, आणि मी म्हणाले, "मी चोळला होता. शिकेकाईने."

कुणी मला मारले नाही. आजी म्हणाली, "मी सांगितलं होतं तिला." अण्णा उठून बाहेर गेले.

अकराव्या दिवशी सकाळी तो गेला. लहान मूल, म्हणून जाळले नाही. खाडीच्या बाजूला पुरला.

दोन वर्षांनी मला बहीण झाली. ती सहा महिन्यांची असताना आजीनेच अण्णांना विचारले, "तो डॉक्टर कधी येणार आहे?" टोचल्यावर आठ दिवस तिने त्या मुलीच्या अंगाला पाणी लागू दिले नाही, आणि आठवा दिवस आला तेव्हा तिला स्वतः दारात घेऊन बसली. त्याच संध्याकाळी शीतलादेवीला दहीभात घेऊन गेली. आपण चुकलो असे ती मरेपर्यंत म्हणाली नाही. लस घ्यायला आलेली बाई तेव्हाही अंगणातच उभी होती.

तुमच्या आईला हे वाचून दाखवा. तिने व्रत करावे, मीही करते. पण पुढच्या वर्षी नको, या आठवड्यात जा.

अण्णा, आजी, आई सगळे गेले. बहीणही गेली. त्या बाळाचे चित्र कुणी काढलेले नव्हते, आणि पुरले तिथे दगडही ठेवला नव्हता. त्याला पाहिलेले माणूस आता मी एकटीच आहे.