मेस्त्रींची दहा बोटं

आधी माफी मागतो. नोकरीतले अनुभव लिहिणारी माणसं बहुतेक तीस-तीस वर्षं काम करून निवृत्त झालेली असतात. माझी कुवेतमधली नोकरी अडीच वर्षांची. बाहेरून बी.कॉम. करतो आहे, दुसरं वर्ष चालू आहे. आमच्या घरात कॉलेजात नाव घातलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं वाचून दुरुस्त करणारं घरी कोणी नाही. तरीही लिहितो, कारण या गोष्टीत एक चूक माझी होती आणि माझ्यासारख्या टेबलामागे बसणाऱ्या दुसऱ्या कोणाकडून ती होऊ नये असं वाटतं. माणसांची नावं बदलली आहेत.

दत्ताराम मेस्त्रींचा उजवा अंगठा सरकारी केंद्रातल्या ठसे घेणाऱ्या मशीनच्या काचेवर होता. स्क्रीनवर चौथ्यांदा लाल चौकट आली.

"काका, जरा जोरात दाबा," मी म्हणालो.

"आनी किती दाबू? काच फुटतली मगे."

काउंटरमागच्या अधिकाऱ्याने त्यांचं बोट हातात घेतलं, दिव्याखाली धरलं आणि मला इंग्रजीत विचारलं, "याचं काम काय?"

"टाइल मेसन, सर."

"नो लाइन्स," तो म्हणाला. रागावला नव्हता. त्याने टिश्यू ओला करून मेस्त्रींची बोटं स्वतः पुसली आणि पुन्हा एकेक बोट ठेवायला लावलं. दहापैकी चार बोटं मशीनने घेतली. सहा घेतली नाहीत. त्याने पंधरा दिवसांनी यायला सांगितलं.

इथे थोडं समजावून सांगतो. अर्दियातल्या एका कन्स्ट्रक्शन कंपनीत मी डॉक्युमेंट क्लार्क आहे. कामगारांचे पासपोर्ट, मेडिकल, इकामा यांच्या तारखा माझ्याकडे असतात. इकामा म्हणजे या देशात राहण्याची परवानगी. ती संपत आली की नवी करायची. त्यासाठी आता बायोमेट्रिक पूर्ण असावं लागतं, म्हणजे डोळे, चेहरा आणि दहाही बोटांचे ठसे. मेस्त्रींचा इकामा संपायला चाळीस दिवस होते. तो नवा न करता ते सुट्टीवर गावी गेले आणि तिथे असताना तो संपला, तर परत येता येणार नव्हतं.

मेस्त्री कुडाळकडचे. एकतीस वर्षं लादी बसवतात, त्यातली एकोणीस कुवेतमध्ये. लादीचे जॉइंट ते उघड्या बोटाने भरतात आणि बोटानेच पुसून घेतात. कंपनी ग्लोव्ह देते, ते खिशात असतात. मी विचारलं तर म्हणाले, "ग्लोव्ह घातलो काय बोटाक लेवल गावना नाय." सिमेंट कातडी खातं आणि जे उरतं ते लादीची कड घासून नेते. माझे वडील परभणीला गवंड्याच्या हाताखाली काम करायचे. त्यांच्या बोटांकडे मी कधी निरखून पाहिलं नव्हतं.

केंद्रातून बाहेर पडताना मेस्त्री फरशीकडे बघून म्हणाले, "ही लादी कोणी बसवल्यान? पाणी खय जातला तेचा तेकाच म्हायत." मला वाटलं, यांनी ते फारसं मनाला लावून घेतलेलं नाही.

गाडीत आम्ही दोघे मागे बसलो. पुढे अबू सालेम गाडी चालवत होता. तो आमचा मंदूब, म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस. त्याला मराठी कळत नाही. मेस्त्री हळूच म्हणाले, "झिला, ह्या इकाम्याचा लवकर होवक व्हया."

"होईल की काका. अजून चाळीस दिवस आहेत."

"घरात ऑपरेशन आसा. पिशवीत गाठ आसा. डॉक्टरान सांगितल्यान, दीड म्हयन्याच्या आत करा. ता म्हणता, तुमी इल्याशिवाय मी टेबलार झोपूचंय नाय."

काकूंच्या गर्भाशयात गाठ होती आणि त्या आधीच पाच महिने थांबल्या होत्या. मी म्हणालो, "मग आत्ताच जा ना."

"जातंय. आनी परत येवक गावला नाय तर? धाकटा चेडू नर्सिंगाक आसा. दोन वर्षां रवलीत." चेडू म्हणजे त्यांची मुलगी. मग म्हणाले, "कोणाक सांगा नको हां. बायलमाणसाचा दुखणा."

मी सांगणार नाही असं कबूल केलं.

ऑफिसात अबू सालेमने उपाय सांगितला. त्याने अशी माणसं आधी पाहिली होती. "सिमेंट नो. दो हफ्ता आराम. तेल लगाओ. लाइन वापस आता है." कातडी पुन्हा येते आणि रेषाही येतात, फक्त तिला वेळ द्यावा लागतो.

वेळ देणं साइट इंजिनिअर हानी साहेबांच्या हातात होतं. ते इजिप्तचे. एका व्हिलाचा मोठा हॉल त्यांना महिन्याभरात द्यायचा होता. त्यांच्यासमोर बोलताना माझं इंग्रजी नेहमी अडखळतं.

"सर, मेस्त्रींना पंधरा दिवस सिमेंट नको."

"माझा सर्वात चांगला टाइल मॅन, आणि त्याला सिमेंट नको?"

"ठसे येत नाहीत, सर."

"मला ठसे नकोत. मला फ्लोअर हवाय."

मी दारापर्यंत गेलो आणि परत आलो. "सर, इकामा झाला नाही तर ते फक्त हा हॉल करतील. त्यानंतरचा एकही नाही."

हानी साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं. मग त्यांनी मेस्त्रींना लाइट ड्यूटी दिली. त्यांनी बसून दुसऱ्यांकडून काम करून घ्यायचं, कशाला हात लावायचा नाही. मी ते पत्र टाइप केलं, सही घेतली, फाइलला लावलं. ग्लिसरीनची बाटली स्वतः नेऊन दिली. दोनदा साइटवर जाऊन पाहिलं. मेस्त्री लादीच्या खोक्यावर बसले होते. हात काखेत. तोंड मात्र चालू होतं. "अरे, ती कड दिसता काय तुका? माका हयसून दिसता!" मला वाटलं, माझं काम झालं.

पंधरा दिवसांनी मशीनने दोन बोटं घेतली. आधी चार घेतली होती.

तोच अधिकारी होता. त्याने मेस्त्रींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला फार वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर रागही आला. मी बाहेर येऊन विचारलं, "काका, तुम्ही सिमेंटला हात लावला ना?"

"देवाशप्पत नाय."

अबू सालेमने त्यांचा हात उचलून नाकाशी नेला. "साबुन," तो म्हणाला. "रूम में कौन धोता है?"

मेस्त्रींनी हात सोडवून खिशात घातला.

शुक्रवारी दुपारी मी बनेद अल-गारला त्यांच्या रूमवर गेलो. जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत सहाजण. सगळे कोकणातले आणि सगळे बॅचलर. इथे बॅचलर म्हणजे लग्न न झालेला नव्हे, तर बायकामुलं गावी ठेवून आलेला. जेवणं नुकतीच झाली होती. स्वयंपाकघरात मेस्त्री बाही दुमडून माशाच्या कालवणाचा मोठा टोप घासत होते. हातात तारेची घासणी होती आणि शेजारी पावडरचा डबा.

बाळा म्हणून त्यांच्यातला एक सुतार आहे. तो कौतुकाने म्हणाला, "बघा साहेब, पंधरा दिवस भांडी कशी आरशासारखी! मेस्त्र्यांनी सगळ्यांची पाळी घेतल्यानी. आमका हात लावूक देणत नाय."

या रूमचा नियम साधा आहे. स्वयंपाकाची आणि भांड्यांची पाळी प्रत्येकाची. जो आजारी असेल त्याला सूट, पण जो धडधाकट असून बसलेला असेल त्याने घासायची. हा नियम कोणी लिहिलेला नाही. मेस्त्रींनी रूमवर फक्त एवढंच सांगितलं होतं की साहेबाने लाइट ड्यूटी दिली. म्हणजे ते धडधाकट होते आणि बसलेले होते.

"काका, असं का केलंत?"

"दिसभर खोक्यार बसान ऱ्हवतंय. संध्याकाळी ताटार पण बसान खावू? लाज वाटता रे." टोप त्यांनी हातातून सोडला नव्हता.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मेस्त्रीही बघत होते, पण त्यांचं बघणं वेगळं होतं. गाडीत त्यांनी काय सांगितलं होतं ते मला आठवत होतं. मी इकाम्याचं सगळं सांगितलं. बोटांचं सांगितलं, तारखेचं सांगितलं. गावी काय अडलं आहे ते सांगितलं नाही.

मग बाळा एकदम चिडला. "मेस्त्र्यांनू, आमका सांगूक तुमचा तोंड दुखत होता काय? आमी काय परके?" त्याने घासणी ओढून घेतली. दुसरा एकजण कोपऱ्यातून म्हणाला, "आजपासून मेस्त्री म्हणजे नवरोदेव. पाण्यात हात घालूचो नाय."

"मगे हळद कोण लावतलो?"

"मी लावतंय. पण माका वऱ्हाडातला जेवण गावाक व्हया."

सगळे हसले. मेस्त्री हसले नाहीत, पण दोरीवरच्या पंच्याला त्यांनी हात पुसले.

पुढची तारीख सोळा दिवसांनंतरची मिळाली. त्या दिवशी इकाम्याचे नऊच दिवस उरणार होते, म्हणजे पुन्हा चुकायला जागा नव्हती. डॉक्टरने दिलेली मुदतही तेव्हा संपत येणार होती. हानी साहेबांकडे मी पुन्हा गेलो. या वेळी त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं नाही. "टाइप करा, मी सही करतो. आणि तो खोक्यावरून इतका ओरडतो की हॉल वेळेत होतोय. हे त्याला सांगू नका."

मी रोज संध्याकाळी बाळाला फोन करायचो. मेस्त्रींना ताट धुवायला देत नाहीत. कपडे बाळा धुतो. कालवण बोटांना चरचरतं म्हणून त्यांना चमचा दिला आहे. एकदा मेस्त्रींनीच फोन घेतला. "चमच्यान भात खाल्लंय. प्वाट भरला, पण जेवलंय असा वाटना नाय." मी विचारलं, काकू कशा आहेत? "थांबलीहा," एवढंच म्हणाले.

सोळाव्या दिवशी मी अंगठ्याकडे बघू शकलो नाही. मी अधिकाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्याने एक, दोन असं अरबीत मोजलं. आठवर थांबला. डाव्या करंगळीशेजारचं बोट लाल येत होतं. त्याने ते टिश्यूने पुसलं, तळव्यावर घासलं, पुन्हा ठेवलं. हिरवी चौकट आली. दहावं पहिल्याच वेळी आलं. "खलास," म्हणजे झालं, असं म्हणून त्याने मेस्त्रींच्या खांद्यावर थाप मारली.

चौथ्या दिवशी इकामा झाला. हानी साहेबांनी रजेच्या अर्जावर सही करताना एवढंच विचारलं, "आधी बसायला महिना, आता झोपायला महिना?" मी "यस सर" म्हणालो. त्याच आठवड्यात गुरुवारी मेस्त्री गावी गेले.

या प्रकरणातून मी काय शिकलो ते एका ओळीत लिहिता येतं. आमच्या फॉर्मवर माणसाच्या प्रोफेशनला कॉलम असतो, ड्यूटी संपल्यावर तो काय करतो त्याला नसतो. मी साइटचं पत्र केलं आणि स्वयंपाकघर विसरलो. त्यानंतर बोटं न आलेले आणखी दोघे माझ्याकडे आले. एक पेंटर होता आणि एक लाँड्रीवाला. दोघांनाही मी आधी विचारलं, रूमवर भांडी कोण घासतं? पेंटर हसला. लाँड्रीवाला हसला नाही, म्हणाला, "मीच."

मेस्त्री गावी गेल्यावर सहा दिवस काही कळलं नाही. फोन लावला की बंद यायचा. बाळालाही माहीत नव्हतं, आणि त्याला काय विचारावं हेही मला कळत नव्हतं, कारण त्याला ऑपरेशनचं काहीच ठाऊक नव्हतं. ऑफिसात मी दोन फाइलींवर तारखा चुकवल्या. सातव्या दिवशी सकाळी मी अर्दियाच्या ऑफिसात फोटोकॉपी काढत असताना मोबाइलवर मेस्त्रींचा आवाज आला. मागे कुठेतरी भांड्यांचा आणि नर्सचा आवाज होता.

"झिला, ऑपरेशन झाला. डॉक्टर म्हणतत, गाठ साधी होती. आज सकाळी अर्धी वाटी पेज खाल्ल्यान. तुका कळवूक सांगल्यान."